खुंटीवरचे सात जण

साहेब, तुम्ही सात जणांना मारलंत. एका सहीत मारलंत, चहा पिता पिता मारलंत. आणि वर म्हणालात की मेलं कोणीच नाही, कारण ते सात जण मुळात नव्हतेच. तुमच्या खोलीला मोठी खिडकी आहे, खाली वाकून बघायची सवय मात्र तुम्हाला नाही. म्हणून हे इथे सांगायचं. तुम्हाला ऐकायला वेळ नसेल तर नसू दे, दुसरे ऐकतील.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून, एक शिवणखोली आहे. वरच्या मजल्यांवर जे जे फाटतं ते सगळं या खोलीत येतं. चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे मागून बांधायचे गाऊन. माणसं ऑपरेशनच्या आधी भीतीने गाऊनच्या नाड्या ओढतात आणि त्या तुटतात. कोणी कळ सोसताना चादर मुठीत धरतं आणि ती टरकन फाटते. बायका हातात कापड घेतलं की ओळखायच्या, हे बाळंतपणाचं, हे म्हाताऱ्याचं, हे रागाचं.

सकाळी मशिनी चालायच्या तेव्हा शेजारणीचा आवाजही ऐकू येत नसे. दुपारनंतर मशिनी बंद होऊन हातकाम सुरू व्हायचं. लांब टेबलाभोवती अकरा बायका बसायच्या. दहा जणी शिवायच्या आणि एक वाचायची.

त्या वाचणारीला सगळे रेडिओ म्हणत. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, भावाच्या दोन खोल्यांत राहणारी बाई. घरात तिचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की स्वयंपाकघरातच तिचं अंथरूण पडायचं. पुस्तकं घरी आणायची सोय नव्हती. वहिनी वाईट नव्हती, पण तोंडाने फटकळ. एकदा म्हणाली होती, "वन्सं, इथे आपल्या माणसांना पाय पसरायला जागा नाही, तुमच्या पुस्तकातल्या माणसांना मी कुठे निजवू?" त्यामुळे रेडिओची पुस्तकं शिवणखोलीतच असायची, कोऱ्या कापडाच्या कपाटात, सर्वात खालच्या फळीवर.

पुस्तकं तरी कसली? रद्दीच्या दुकानातून उचललेले कथासंग्रह, कोणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कोणाची शेवटची पानं. पण सगळे एकाच जातीचे. त्यांतल्या गोष्टी राजवाड्यांच्या नव्हत्या, जंगलांच्या नव्हत्या. आपल्यासारख्याच शहरातल्या, आपल्यासारख्याच जिन्यांवरच्या. फक्त त्या जिन्यावरून असं काहीतरी उतरायचं की सुई हातातल्या हातात थांबायची.

एका गोष्टीत पाडून टाकलेल्या इमारतींचा पोस्टमन होता. इमारत जमीनदोस्त झाली तरी तिच्या पत्त्यावर टपाल येतच राहतं, ते वाटायचं काम याचं. मोकळ्या मैदानात येऊन तो नसलेला जिना चढायचा, हवेतल्या हवेत तिसऱ्या मजल्यावर जायचा, नसलेली कडी वाजवायचा. आणि आतून कोणीतरी दार उघडायचं.

दुसरीत सावल्यांना इस्त्री करणारा म्हातारा होता. दिवसभर वाकून बसणाऱ्यांच्या सावलीला चुण्या पडतात, त्या तो संध्याकाळी नाक्यावर टेबल मांडून सरळ करून द्यायचा. ही गोष्ट वाचून झाली त्या दिवशी खोलीतली सर्वात वयस्कर बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, खुर्चीतून कशीबशी उठली आणि भिंतीवरच्या आपल्या सावलीकडे बघून म्हणाली की हिला आता इस्त्री नको, हिचं सरळ पोतेरंच करा. बायका इतक्या हसल्या की धुलाईखान्यातला माणूस काय झालं म्हणून बघायला आला.

आणि वकील मगर. ती तर सगळ्यांची लाडकी. शहराच्या गटारात राहणारी, चष्मा लावणारी मगर. ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचे खटले लढवायची आणि मोबदल्यात फक्त एक जुना बूट मागायची. तिची रीत अशी की ती कोर्टात एकच प्रश्न विचारणार. समोरच्याने उत्तर दिलं तर खटला तिथेच संपला. नाही दिलं तर त्याच्या खोलीत गटाराचं पाणी चढायला लागणार, आणि उत्तर मिळेपर्यंत चढतच राहणार.

ही सुखं कशी चालत, तेही ऐका. रेडिओ वाचायची तेव्हा तिचे हात रिकामे, मग तिच्या वाटणीचं कापड बाकीच्या दहा जणी आपापसांत वाटून घ्यायच्या. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी उपकार म्हणून बोलून दाखवत नव्हतं. वाचणं हे त्या खोलीतलं एक काम होतं, जशी टीप मारणं, जसं ठिगळ लावणं.

दुसरी रीत एप्रनची. तळघरात सगळ्यांनी एप्रन घालायचा आणि जेवायला जाताना तो काढून खुंटीवर टांगायचा, असा नियम. एप्रन सगळे एकसारखे पांढरे, म्हणून प्रत्येकीने खिशावर लाल दोऱ्याने आपली खूण भरलेली. मावशीचं अंगुस्तान, शिवताना बोटावर चढवायची टोपी. खोलीतली सर्वात धाकटी, जिची जीभ लागली की वळ उठायचा, तिला चिमटा म्हणत, तिच्या खिशावर चिमटा. रेडिओच्या खिशावर रेडिओ.

एकदा कोणाच्या तरी मनात आलं की पोस्टमनलाही एप्रन पाहिजे. बाद चादरीतून चांगला भाग कापला, एप्रन शिवला, खिशावर पाकीट भरलं आणि शेजारच्या रिकाम्या खुंटीवर टांगला. झालं, तिथून प्रथाच पडली. मात्र कोणाही सोम्यागोम्याला एप्रन मिळत नसे. नवीन पात्र भेटलं की आधी त्याची चौकशी. घरचं कसं आहे, बोलायला कसा आहे, आपल्यात खपेल का. मुलीसाठी स्थळ बघताना बायका इतक्या चिकित्सक नसतील. गच्चीवर राहणारा, पंखांचा, देखणा असा एक तरुण एका गोष्टीत आला तेव्हा चिमटा पार विरघळली. मावशीने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "काम काय करतो?" पुस्तकात तो काहीच करत नव्हता, रात्रभर उसासे टाकायचा. एप्रन नामंजूर. चिमटा दोन दिवस मावशीशी फुगून बसली होती.

पुस्तकांत माणसं पुष्कळ आली आणि गेली, पण खुंटीवर पोचली ती सात. जेवणाच्या सुट्टीत अकरा जणींचे एप्रन त्या सातांच्या शेजारी लटकायचे, आणि रेडिओला दारातून मागे वळून बघताना वाटायचं की आपलं गोत मोठं आहे. भावाच्या घरी तिला कधी असं वाटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी बायका मागच्या अंगणात जेवायला बसल्या असताना कापडखात्याचे साहेब तळघरात उतरले. त्यांना खोलीचं काम नव्याने ठरवायचं होतं आणि त्यासाठी जागेवर जाऊन पाहणी करायची होती. खाली किती बायका आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पगार ठेकेदार द्यायचा, काम साहेब द्यायचे, आणि या दोघांची आपसात कधी गाठ पडत नसे. साहेबांनी दारातूनच आत बघितलं. वाफेचा वास, भिंतीला ओलावा, आत माणूस नाही. खुंट्यांवर एप्रन मात्र ओळीने टांगलेले. त्यांनी ते मोजले आणि वर गेले. जेवणाऱ्या एखाद्या बाईला हाक मारून विचारायचं, तर अंगण दहा पावलांवर होतं.

पुढच्या आठवड्यापासून खोलीत कापडाच्या गाड्या वाढल्या. बायकांना वाटलं, वर एखादी साथ आली असेल, ओसरेल. पण गाडी आणणाऱ्याने सांगितलं की आता रोजचं एवढंच, साहेबांनी अठरा माणसांच्या हिशेबाने काम लावलंय. अठरा कुठली, असं विचारायला चिमटाने तोंड उघडलं आणि तिची नजर खुंट्यांकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

तेव्हाच वर जाऊन सांगितलं असतं तर? हा प्रश्न नंतर सगळ्यांनी विचारला, स्वतःलाही आणि रेडिओलाही. पण त्या दिवशी नोकरीची भीती होती. मावशीचं म्हणणं पडलं की आपण तोंड उघडलं तर खोटी माणसं उभी केली म्हणून आळ येईल आणि ठेकेदार सगळ्यांनाच बाहेर काढेल. थोडे दिवस काढू, काम उरकून दाखवू, मग आपोआप निवळेल. आणि बायकांनी काम उरकून दाखवलं. खरी चूक ती हीच.

सुरुवातीला तर गंमतच वाटली. ढीग वाटताना चिमटा ओरडायची, आज मगरबाई कोर्टात गेल्यात, त्यांच्या चादरी कोण घेतंय? मावशी म्हणायची की इस्त्रीवाल्याचा वाटा माझ्याकडे द्या, तो माझ्या सावलीचं करतोय, मी त्याच्या गाऊनचं करते. रेडिओने तर पोस्टमनच्या वाटचे अभ्रे हट्टाने मागून घेतले. आपल्या माणसाच्या आजारपणात त्याचं काम आपण करतो, तसंच.

पण गंमतीला पाठ दुखत नाही, माणसाला दुखते. दुपारचं वाचन आधी अर्धं झालं, मग पानावर आलं, मग बंद पडलं. रेडिओच्या हातातलं कापड बाकीच्यांनी घेणं आता शक्यच नव्हतं. तीही सुई घेऊन बसली. खोलीत अकरा सुयांचा आवाज तेवढा राहिला, आणि सुईला आवाज नसतो. मावशीचा अंगठा सुजला, अंगुस्तानात शिरेना. चिमटाची जीभ अजून चालायची, पण आता ती खुंट्यांवर चालायची. येतात ना कामाला ना धंद्याला, नुसते लटकतात मेले. एकदा तिने पाकिटाच्या एप्रनला हात पुसले. पुसून झाल्यावर तिने रेडिओकडे बघितलं नाही.

महिना असा गेला. मग एका सकाळी मावशीचा अंगठा ठणकायला लागला आणि तिच्या हातून चादर सुटून खाली पडली. रेडिओ उठली. पुस्तकं आपली, वाचणारी आपण, तर सांगायलाही आपणच जायचं, एवढंच ती म्हणाली आणि एप्रन न काढता जिने चढून वर गेली.

साहेब सभ्य माणूस निघाले, हे सांगायलाच हवं. त्यांनी तिला बसायला सांगितलं. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, खुणा, खुंट्या, बाद चादरी. सात एप्रन कोणाचे, हे सांगताना तिची मान खाली गेली होती. तिला वाटलं होतं ते रागावतील. ते हसले. चांगलं, मोकळं हसले. म्हणाले, मीही कॉलेजात असताना असल्या गोष्टी फार वाचायचो, आता कुठे वेळ मिळतो. आणि मग त्यांनीच विचारलं, तो पोस्टमन, त्याचं काय होतं?

रेडिओने सांगितलं. महिनाभर बंद असलेला तिचा आवाज त्या गालिच्याच्या खोलीत सुरू झाला. नसलेला जिना, नसलेली कडी, आतून उघडलेलं दार. शेवटी पोस्टमन आपल्याच लहानपणीच्या इमारतीच्या मैदानात येतो आणि बॅगेत आईच्या नावाचं पत्र सापडतं, इथपर्यंत. साहेबांचा चहा गार झाला. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांच्या कडा पुसल्या. रेडिओच्या मनात आलं, हा माणूस आपल्यातलाच आहे. याच्या एप्रनवर काय खूण भरावी, इथपर्यंत तिचं मन पोचलं होतं.

मग साहेबांनी चष्मा परत लावला.

"बाई, गोष्ट छान आहे. पण कामाचा आकडा आता वर गेलाय, तो खाली येत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही अकरा जणींनी महिनाभर तेवढं काम करून दाखवलंय. म्हणजे होतं की. मग कमी कशाला करायचं?"

ती म्हणाली की ते सात जण नाहीत, साहेब. ते म्हणाले, हो, तेच तर, नाहीत, तेव्हा त्यांचा प्रश्नच येत नाही. आणि लगेच, तिच्यासमोरच, सही करून हुकूम काढला. कर्मचारी नसलेल्यांचे एप्रन खुंट्यांवरून उतरवावेत आणि फाडून ठिगळांसाठी वापरावेत. कामाच्या वेळेत वाचन बंद. पुस्तकं खात्याच्या कपाटात ठेवू नयेत. अठरा माणसांचं काम चालू राहील.

एप्रन फाडायला कोणी पुढे होईना. शेवटी मावशी उठली. सुजलेल्या अंगठ्याला कात्री झेपत नव्हती, म्हणून तिने दाताने सुरुवात केली आणि मग हाताने फाडत गेली. पोस्टमन एका लहान मुलाच्या चादरीला लागला. इस्त्रीवाला म्हातारा गाऊनच्या पाठीवर गेला. मगर कोणाच्या वाटणीला आली ते रेडिओने बघितलं नाही, ती सुईत दोरा ओवत होती आणि तो जाता जात नव्हता. संध्याकाळी गाड्या वर गेल्या. आता त्या हॉस्पिटलात कुठल्या तरी खाटेवर कोणीतरी कळ सोसतंय आणि त्याच्या पाठीखाली लाल दोऱ्याची एक मगर आहे, चष्म्यासकट.

पुस्तकं तिने पिशवीत भरून घरी नेली. वहिनीने पिशवीकडे बघितलं, रेडिओच्या तोंडाकडे बघितलं, आणि धान्याच्या कोठीमागे जागा केली. चार दिवसांनी भांडी घासता घासता, पाठ वळवूनच, तिने विचारलं, "वन्सं, त्या पोस्टमनने मग ते पत्र दिलं का हो आईला? तुमच्या पुस्तकात शेवटचं पान नाहीये." कोठीमागचं पुस्तक तिने चोरून वाचलं होतं. रेडिओला शेवट ठाऊक होता. ते पान फाटायच्या आधी तिने तो खोलीत दोनदा वाचून दाखवला होता. तिने सांगायला तोंड उघडलं आणि तिला त्या पोस्टमनच्या जागी फक्त अभ्रे दिसले, ढीगच्या ढीग, त्याच्या वाटचे. आठवत नाही, म्हणाली. वहिनीने नळ जोरात सोडला.

हेही तिने गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिने मावशीला दिलासा द्यायचा म्हणून हळूच म्हटलं की जेवणाच्या सुट्टीत, अंगणात, वाचायला काय हरकत आहे? रद्दीवाल्याकडे नवीन संग्रह आलाय. त्यात एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये राहणारी मुलगी आहे म्हणे.

मावशीने हातातलं कापड खाली ठेवलं. रागाने नाही. घाबरून.

"नको गं बाई," ती म्हणाली. "तू आता नवीन कोणाची ओळख करून देऊ नकोस. मला धडकी भरते. माणूस आवडलं की त्याच्याही चादरी आपल्यालाच."

शेजारी चिमटा होती. तिने नुसता ढिगातला पुढचा गाऊन ओढला.

रेडिओने सुई ठिगळात टोचून ठेवली. खुंट्यांजवळ गेली, अकरा एप्रन अकरा जणींच्या अंगावर होते आणि सगळ्या खुंट्या उघड्या होत्या. पायातला जुना बूट तिने काढला, हातात घेतला आणि तशीच, एका पायाने अनवाणी, जिने चढायला लागली. जिन्यावर परिचारिकांनी वळून बघितलं, एका रुग्णाच्या नातेवाइकाने वाट सोडली. साहेबांच्या खोलीत आणखी दोघे बसलेले होते, कसलंसं हसणं चाललं होतं. तिने बूट टेबलावर ठेवला, चहाच्या कपाशेजारी. साहेबांनी बुटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. बाई, हे काय, असं काहीतरी ते म्हणत होते. त्यांची खोली सर्वात वरच्या मजल्यावर आहे, तिथे गटाराचं पाणी कधीच पोचलेलं नाही, हे तिला माहीत होतं. घाई नव्हती. पाणी चढायला वेळ लागतो.

"साहेब, एकच प्रश्न आहे," ती म्हणाली, तळघरात वाचताना लावायची त्या आवाजात. "ते सात जण नव्हतेच, असं तुम्ही लिहून दिलंत. मग त्या सात वाट्यांचं काम आम्ही रोज कोणाचं करतोय? मी इथेच उभी आहे. उत्तर द्या."